बारा घंटा परत

भिड्यांची तक्रार एका ओळीची होती. "बारा घंटा मागवल्या होत्या, बारा आवाज आले."

ती ओळ मी आकिबच्या सायबर कॅफेत बसून पुन्हा पुन्हा वाचली. आकिबनेही माझ्या खांद्यावरून मान घालून वाचली.

"तक्रार आहे का तारीफ आहे बे?"

"लाल अक्षरात आहे."

"मंग तक्रार आहे."

हे २००७ सालचं. मी ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या कॉलनीत, बाबांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचं आणि माझं पटत नव्हतं, म्हणून मी देवघेव डॉट कॉमवर जंगलाकडच्या वस्तू विकायचो. बसायचे बांबूचे मोढे, मातीचे बैल, आणि गुरांच्या गळ्यात बांधतात त्या लाकडी घंटा. देशभरातली माणसं त्या वस्तू बघायची, मागवायची आणि परत पाठवायची. मागवताना ती घाईत असायची. परत पाठवायला मात्र मनापासून वेळ काढायची.

खातं आईच्या नावावर होतं. खातं उघडायला पॅन कार्ड लागे. माझ्याकडे ते नव्हतं, आणि बाबांनी "नोकरीवाल्याले धंदा करता येत नाई" असं सांगून आपलं कपाटात ठेवलं. आईने बचत गटासाठी काढलेलं होतं, तिने दिलं. त्यामुळे देवघेववाल्यांच्या लेखी नागसेन नावाचा प्राणी अस्तित्वातच नव्हता. सगळे मेल "प्रिय अंजनाबाई" असे सुरू व्हायचे. शिव्यासुद्धा.

भिड्यांच्या आधी आम्ही दोन तक्रारी हरलो होतो, आणि हरलेल्या प्रत्येक तक्रारीची विक्रेत्याच्या नावापुढे एक लाल फुली पडायची. इंदूरच्या एका गृहस्थांनी मोढा परत पाठवला, कारण "बसल्यावर आवाज होतो." आवाज नेमका कोणाचा होतो, असं मी नम्रपणे विचारलं. ते उत्तर देवघेवला अपमानकारक वाटलं. दुसरी तक्रार सुरतेच्या बाईंची. मातीचा बैल फुटका मिळाला म्हणून त्यांनी परत पाठवला, पण पाकिटातून नुसती शिंगं आली. बाकीचा बैल कुठे आहे, यावर आमचा बरेच दिवस पत्रव्यवहार चालला. शेवटी देवघेवने शिंगं म्हणजेच बैल असा निकाल दिला.

तिसरी तक्रार हरलो की खातं बंद. नुसतं बंद नाही. विक्रेत्याच्या पूर्ण नावाखाली लाल पट्टी लागायची : या विक्रेत्याने ग्राहकांची फसवणूक केली आहे. म्हणजे अंजनाबाई वामनराव दुर्गे यांनी.

आई कॉलनीत बालवाडी चालवायची आणि बचत गटाच्या बाया तिच्याकडे डोळे मिटून पैसे ठेवायच्या. शेजारणीची वाटी घरात आली, तर ती कधी रिकामी परत गेली नाही. चिवडा, नाही तर गूळ, काहीच नसलं तर चार बोरं. हे सगळं सांभाळून तिने जे नाव कमावलं होतं ते मी इंटरनेटवर टाकून दिलं होतं, आणि ही बातमी तिला तिच्याच बालवाडीतून शिकून गेलेल्या, आता सातवीत असलेल्या एका पोराने दिली.

"बाई, इंटरनेटवर तुमच्या नावापुढे दोन लाल फुल्या आहेत."

आई आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर चांदण्या काढत आलेली. ती घरी आली, पिशवी ठेवली आणि मला म्हणाली, "मी कोनाले फसवलं?"

"कोणाला नाही. ते शिंगांचं…"

"मले शिंग सांगू नको. तिसरी फुली नाई पाहिजे."

देवघेवच्या तक्रार कक्षात सोनिया नावाची कोणी होती. एक होती की दहा, ते कधी कळलं नाही, पण मेल सोनियाच्याच नावाने यायचे. तिने कळवलं : "प्रिय अंजनाबाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. वस्तू बदलून दिल्यास तक्रार मिटलेली समजली जाईल."

"कशा समजते ते?" आईने विचारलं. "ते कुठची आहे?"

"गुडगावची असेल."

"तिले कसं समजन मंग?"

भिड्यांचं पुण्याजवळ एक पर्यटन केंद्र होतं. बारा झोपड्या, प्रत्येक झोपडीच्या दाराला एक घंटा, पाहुण्याने दोरी ओढली की वेटर हजर. त्यांना सगळं एकसारखं हवं होतं. एकसारखे पडदे, एकसारखे माठ, एकसारख्या घंटा. आमच्या घंटांना मात्र प्रत्येकीचा स्वतःचा स्वभाव होता.

पार्सल परत आलं. आईने एकेक घंटा उलटी करून बघितली, आपटून बघितली.

"रिकाम्याच पाठवल्या."

"आई, परत आलेली वस्तू रिकामीच असते."

"बारा भांडे, अन् एकातही काही नाई. बोलन्यावरून तं मानूस शिकलेला वाटते."

मी घंटा पोत्यात भरून मोहर्लीच्या रस्त्याने जंगलाला लागलेल्या गावी, कोसमटोल्याला गेलो. घंटा करणारा वारलू अंगणात शिवणीचं लाकूड कोरत बसला होता. मी त्याला एकसारख्या बारा मागितल्या. त्याने पटाशी खाली ठेवली, जणू मी काही घाण बोललो.

"दोन गाईचा आवाज एक झाला, तं लच्छूनं काय करावं?"

लच्छू म्हणजे गावाचा ढोरकी. सकाळी सगळ्यांची गुरं जंगलात न्यायची आणि दिवस मावळायच्या आत आणायची, हे त्याचं काम. एखादी मागे राहिली तर झाडोऱ्यात दिसत नाही, ऐकू येते. आवाजावरून ती कोणाची ते कळतं, आणि मालक नेमका तिकडे जातो. त्या जंगलात वाघही राहतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाईमागे फिरायला कोणी उत्सुक नसतं.

"वारलूभाऊ, ह्या गाईसाठी नाईत. मानसांसाठी आहेत."

"मानसं कुठी हरवून राह्यले?"

"हॉटेलात."

यावर तो विचार करू लागला. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा, मंगलीचा आवाज आला. "त्याले सारखं जमतच नाई, म्हून लच्छूचं नाव सांगून राह्यला!"

वारलूला हे लागलं. पुढचे काही दिवस त्याने एकाच खोडाचं लाकूड घेतलं आणि मंगलीने तोंडाच्या मापासाठी आपली बांगडी दिली. ती स्वतः शेजारी उभी राहून प्रत्येक घंटा वाजवून घ्यायची आणि जरा फरक वाटला की चुलीत घालायची. बऱ्याच घंटा चुलीत गेल्यानंतर बारा तयार झाल्या. अशा एकसारख्या, की एक वाजवून दुसरी वाजवली तर पहिलीच पुन्हा वाजली असं वाटावं. परत आलेल्या पहिल्या बारा लच्छूने मधल्या काळात नेल्या आणि गाईंच्या गळ्यात बांधून टाकल्या. मला काय, मी मोकळा झालो.

घरी आईने प्रत्येक घंटेत चारोळीची एकेक पुडी घातली.

"आई, हे काय?"

"रिकाम्या नाई जातीन माझ्या घरून."

भिड्यांची दुसरी तक्रार पहिलीपेक्षा लांब होती. "बारा घंटा, एकच आवाज. कोणती खोली बोलावते ते वेटरला समजत नाही. एका पाहुण्याने चहा मागितला की वेटर बाराही दारं ठोठावतो. काल त्याने नवविवाहित जोडप्याला चार वेळा उठवलं. शिवाय प्रत्येक घंटेत अज्ञात बिया सापडल्या आहेत. कृपया पहिल्या घंटा परत पाठवाव्यात."

आकिब इतका हसला की खुर्चीवरून उठून बाहेर गेला. मी काही बोलणार तेवढ्यात वीज गेली. वीज आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तयार होते आणि तिथून थेट भिड्यांकडे जाते. त्यामुळे भिडे अंधारात तक्रार लिहीत असतील अशी आशाही ठेवता येत नाही.

वीज आल्यावर मी सोनियाला लिहिलं. आधी वेगळे आवाज आले म्हणून तक्रार, आता एक आवाज आला म्हणून तक्रार, याचा विचार व्हावा. सोनियाने लगेच कळवलं, "प्रिय अंजनाबाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. शनिवारपर्यंत ग्राहकाचं समाधान न झाल्यास खातं बंद करण्यात येईल. ता. क. बियांबद्दल खुलासा करावा."

आईने मेल वाचला नाही. तिने पार्सलच्या चिठ्ठीवरून भिड्यांचा नंबर काढला आणि माझ्याच मोबाइलवरून फोन लावला. ग्राहकाला परस्पर फोन करणं नियमाविरुद्ध होतं. हे मी तिला सांगितलं. तिने मला हाताने गप्प केलं, बालवाडीत करते तसं.

"भिडेभाऊ का? मी अंजनाबाई बोलते. घंटावाली."

पलीकडून "कोण?" आलं, मग पुन्हा एकदा "कोण?" बहुतेक भिड्यांना अंजनाबाई खरोखर असतील अशी कल्पना नव्हती.

"बोला मॅडम. हे बघा, मला वाद घालायचा नाहीये. पण तुमच्या घंटांमुळे माझा मॅनेजर सोडून गेला."

"कुठी गेला?"

"म्हणजे… नोकरी सोडून गेला."

"अन् जेवला होता का?"

"मॅडम, मुद्दा तो नाहीये."

"बरं, मुद्दा सांगा."

"मला पहिल्या घंटा हव्यात. वेगवेगळ्या आवाजांच्या. आता माझ्या लक्षात आलं त्याचा उपयोग काय ते. आणि त्या बिया कसल्या आहेत? माझी बायको घाबरलीये."

"चारोळी आहे ते. खिरीत घाला. अन् भाऊ, घंटा भेटन तुमाले. मी अंजनाबाई सांगून राह्यली ना, भेटन म्हनजे भेटन."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "आता झाली माझी जबान देऊन. चाल."

मी तिला गाडीवर मागे बसवून कोसमटोल्याला गेलो. रस्ताभर मी निश्चिंत होतो. वेगवेगळ्या आवाजांच्या घंटा म्हणजे वारलूचा हातखंडा, अजून बारा करून घेऊ, बुधवारी रवाना, शनिवारच्या आत पुण्यात.

वारलू अंगणात बसला होता, पण त्याचा चेहरा पडलेला होता.

"नाई जमत, भाऊ," तो म्हणाला.

"काय नाही जमत?"

"येगळी. हात बसला माहा. आता दुसरा आवाज निघतच नाई."

मला वाटलं तो भाव खातोय. त्याने समोर पडलेल्या घंटा एकेक करून वाजवल्या. खोड वेगळं, आकार वेगळा, एक तर चक्क लांबट. आवाज तोच. भिड्यांच्या झोपडीतला. आतल्या लाकडी दांड्या त्याने लांब करून बघितल्या, आखूड करून बघितल्या. तोच.

"बांगडी फेकून देल्ली मी," मंगली कपाळाला हात लावून म्हणाली. "तरी तेच. झोपीत बी तेच कोरते हा."

"अन् यानं गावात आनखी विकल्या त्या!" कुंपणापलीकडून लच्छू ओरडला. तो काठी घेऊन आत आला. त्याचा आवाज बसला होता. "काल एक गाय मांगं राह्यली, तं पाच घरचे मानसं पाच बाजूनं निंगाले. माही गाय, माही गाय! अन् गाय होती सहाव्याची. नशीब, वाघ तिकडं नव्हता!"

म्हणजे गावात ओळखू येतील अशा गाई उरल्या होत्या त्या बाराच. पहिल्या घंटावाल्या. आणि मला त्याच घंटा उतरवायच्या होत्या.

मी विषय काढला. लच्छू मोढ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. मोढ्याने आवाज केला. इंदूरच्या गृहस्थांची मला पहिल्यांदा आठवण आली.

"त्या गाईले काय सांगू मी?" लच्छू म्हणाला. "का तुहा आवाज पुन्याले गेला?"

"लच्छूभाऊ, थोडे दिवस."

"थोडे दिवस वाघ उपाशी राह्यते का?"

 याचं उत्तर सोनियाकडेही नसावं. आई इतका वेळ ओट्यावर बसून मंगलीने दिलेला काळा चहा पीत होती. तिने स्टीलचा ग्लास खाली ठेवला. तो दगडावर टेकून किणकिणला. आईने तो पुन्हा उचलून टेकवला, आणि कान देऊन ऐकला.

"लच्छूभाऊ," ती म्हणाली, "घंटेच्या बदल्यात दुसरा आवाज देल्ला तं चालन का?"

दुसऱ्या दिवशी आमच्या घरातली भांडी पोत्यात भरून कोसमटोल्याला आली. ग्लास, वाट्या, डब्याची झाकणं, झारा, कुकरची जुनी शिट्टी, पोहे करायची कढई. आई प्रत्येक भांड्यात एक चमचा किंवा खिळा दोरीने टांगायची, मी ते गाईच्या गळ्यात बांधायचो, आणि लच्छू पाठ करून, डोळे मिटून उभा राहायचा. गाय चालवायची. लच्छू निकाल द्यायचा.

"नाई. हे त्या तांबड्या गाईच्या वाटीसारखं वाजून राह्यलं."

"बदलून देते," आई म्हणायची.

"हे चालन. पन लय शहरी आवाज आहे."

"बदलून देते."

"हे कढई नको. गाय लाजून राह्यली."

खरंच, कढईवाली गाय मान खाली घालून उभी होती. आईने तिला साखरेच्या डब्याचं झाकण दिलं. एकाही वस्तूबद्दल तिने कारण विचारलं नाही, खुलासा मागितला नाही, की लच्छूच्या भावना समजू शकते असं म्हणाली नाही. मी घामाघूम होऊन गाईंच्या गळ्यांत दोऱ्या बांधत होतो आणि मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो, पण खातं माझ्या नावावर नसल्यामुळे तो द्यायचा कोणाला हा प्रश्न होता.

दिवस मावळायच्या आत बारा गाई मंजूर झाल्या. बारा घंटा माझ्या पोत्यात आल्या. त्यांना गाईंचा वास येत होता. आईने त्या राख लावून घासल्या, उन्हात ठेवल्या, प्रत्येकीत चारोळीची पुडी घातली, आणि या वेळी पुडीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : खायची आहे.

त्या आठवड्यात बाबा थर्मासच्या झाकणातून चहा प्यायले. "धंदा कसा चालू आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी सोनियाचा मेल आला. "प्रिय अंजनाबाई, ग्राहकाचं समाधान झालं आहे. तक्रार मिटली." भिड्यांनी शेरा लिहिला होता : "आवाज उत्तम. पाहुणे विचारतात की सात नंबरच्या खोलीत गाय आहे का. तरीही उत्तम." दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडून एकसारख्या बारा घंटा परत आल्या, प्रत्येकीत बाकरवडी घातलेली. कुरिअरने तिचा चुरा केला होता, पण आईने तो चुरा ताटलीत काढला (ताटल्या तेवढ्या उरल्या होत्या) आणि समाधानाने म्हणाली, "आता बरा वाटते मानूस."

तिसरी फुली टळली होती. अंजनाबाई दुर्गे यांचं नाव शाबूत होतं. मी आकिबला चहा पाजला. इथे खरं तर हे संपायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या गेटवरून फोन आला.

"बाई, तुमची गाय सापडली."

गेटवर एक टेम्पो उभा होता. टेम्पोत एक पांढरी गाय होती आणि गाईशेजारी वन खात्याचा एक गार्ड, तिच्याइतकाच कंटाळलेला. गाय मोहर्लीच्या रस्त्यावर एकटीच भटकताना सापडली होती. सहसा अशा गाईचा पत्ता लागत नाही. पण या गाईच्या गळ्यात स्टीलचा ग्लास होता, आणि ग्लासावर कोरलेलं होतं : सौ. अंजनाबाई वा. दुर्गे, ऊर्जानगर, आणि खाली क्वार्टर नंबर. कॉलनीतल्या पंगतीत भांडी एकमेकांकडे जातात, म्हणून आईने चमच्यापर्यंत सगळ्यावर नावपत्ता कोरून घेतला होता. ते काम किती नीट झालं आहे, हे आता सगळ्यांना दिसत होतं.

"माझी गाय नाई ते," आई म्हणाली.

"नाव तं तुमचंच आहे ना?"

आई ग्लासाकडे बघत राहिली. गेटवरचे दोन सिक्युरिटीवाले, बचत गटाच्या तीन बाया आणि तो सातवीतला पोरगा तिच्याकडे बघत राहिले. या नावासाठी तिने अख्खं स्वयंपाकघर गाईंना वाटलं होतं.

"नाव माझंच आहे," ती म्हणाली.

"मंग इथी सही करा."

तिने सही केली. मग मला म्हणाली, "नेऊन दे." गाय दाराशी आली होती, आता ती रिकामी कशी जाणार, म्हणून तिने ग्लास तोंड वर करून बांधला आणि त्यात गुळाचा खडा घातला. खडा मावावा म्हणून आतला चमचा काढून घेतला.

मी गाईला चालवत कोसमटोल्याला नेलं. वाटेत तिने दोनदा परत फिरायचा प्रयत्न केला आणि एकदा मला बाभळीत ढकललं. गावाच्या तोंडाशी लच्छू बसला होता. त्याने आमची चाहूल घेतली आणि सवयीने पाठ फिरवून डोळे मिटले. गाय चालली. ग्लासात गूळ थोडा हलला.

"आमची नाई," लच्छू म्हणाला.

"लच्छूभाऊ, डोळे उघडून बघा. पांढरी आहे. कपाळावर टिळा आहे."

"पांढऱ्या तं लय आहेत. हिचा आवाज येगळा आहे. आमची किनकिन वाजे. हे काय, बद् बद्? वापस घेऊन जा. आमची पाठवा."

गाय तोवर माझ्या हातून सुटून नेमक्या एका अंगणात शिरली होती, आपल्या दावणीला जाऊन उभी राहिली होती आणि कोणी बघत नाही असं पाहून ग्लासात जीभ घालायचा प्रयत्न करत होती. मी ते बोटाने दाखवलं. लच्छूने डोळे उघडले नाहीत.

मी त्याच्याशेजारी मातीत बसलो. बाभळीचे काटे काढत काढत मी शक्य तितक्या शांत आवाजात म्हणालो, "लच्छूभाऊ, तुमच्या भावना मी समजू शकतो."